मधलं नाव

फर्स्ट इयरचा पहिला आठवडा. मॅथ्सचं लेक्चर. सर मराठी नसलेले, आणि त्यांच्या हातात ऑफिसने छापून दिलेली संपूर्ण नावांची यादी. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. प्रेझेंट सर, प्रेझेंट सर, सगळं सुरळीत चाललं होतं. माझा नंबर आला आणि सर अडखळले. चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "...ढोंडीराम?"

इंग्रजीत 'डीएच' लिहिलं की त्याचा 'ध' करायचा की 'ढ', हे मराठी माणसालाच कळतं. सरांचा काहीच दोष नाही. पण मागच्या बाकावरून कुणीतरी "ढ!" असं ओरडलं आणि अख्खा वर्ग फुटला. मी "प्रेझेंट सर" म्हटलं ते मलासुद्धा ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून हॉस्टेलवर माझं नाव 'धोंड्या' पडलं, ते आजतागायत. खरं तर ते माझं नाव नाहीच. माझ्या बाबांचं आहे.

हा लेख त्या नावाबद्दल आहे. विनोदी काही अपेक्षित असेल तर दोन पानं पुढे जा, तिथे दरवर्षीप्रमाणे मेसच्या पोळीवर कविता असणारच. आणि हो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात.

आधी एक कबुली देतो, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळा. आठवीत असताना शाळेच्या नव्या आयकार्डसाठी फॉर्म भरून द्यायचा होता. 'फादर्स नेम' समोर मी 'धीरज' लिहिलं. वर्गात सगळ्यांचे वडील संजय, राजेश, विनय. माझेच तेवढे धोंडीराम कसे चालतील? कार्ड छापून आलं. लॅमिनेशन केलेलं, गळ्यात घालायच्या निळ्या दोरीसकट. घरी बाबांनी ते हातात घेतलं, वाचलं, उलटं करून पाहिलं आणि परत दिलं. म्हणाले, "फोटो चांगला आलाय." बस्स, एवढंच. बाबा साखर कारखान्यात फिटर आहेत, मुळातच कमी बोलतात. पण ते 'फोटो चांगला आलाय' माझ्या डोक्यातून अजून जात नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर अर्थातच खरं नाव आलं. पण तिथून पुढे मी 'डी.' लिहायला लागलो. वहीवर डी., जर्नलवर डी., ई-मेलमध्ये डी. कुणी विचारलं की विषय बदलायचा.

बारावीच्या सुट्टीत गावी गेलो होतो तेव्हा आजीला एकदा सहज म्हणालो, बाबांचं नाव असलं कसलं ठेवलंस गं? दुसरं काही मिळालं नाही का? आजी शेंगा फोडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "आरं, तुज्या बापाच्या आदी तिघं गेली माजी. मग ह्यो झाला. सासूबाई म्हनल्या, आता चांगलं नाव ठेवू नगंस. धोंडा म्हन. धोंड्याला कोन न्हेतंय?"

मला बाबांच्या आधी तीन भावंडं होती हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दोन मुलगे, एक मुलगी. मुलगी चौदा दिवसांची. त्यांची नावं विचारली, तर आजी म्हणाली, पहिल्याचं आनंदा. बाकीच्यांचं बारसंच झालं नाही.

मग तिने सगळं सांगितलं. बाबा जन्मले तेव्हा त्यांना सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची एक बाई आली, तिने 'सापडलेलं' मूल उचललं आणि आजीने ते तिच्याकडून सव्वा रुपयाला विकत घेतलं. म्हणजे कागदोपत्री, अर्थात देवाच्या कागदोपत्री, हे मूल आजीचं नव्हतंच. उकिरड्यावर मिळालेला धोंडा होता. नाक टोचलं, मुलीसारखी चमकी घातली. पाच वर्षांचे होईपर्यंत अंगाला नवा कपडा लावला नाही, दुसऱ्यांच्या मुलांचे जुने मागून आणले. हे सगळं एका बाळाला लपवण्यासाठी. सटवाईपासून, दृष्टीपासून, यमापासून, जो कोण यादी घेऊन येतो त्याच्यापासून. त्याने यादीत नाव शोधावं आणि त्याला नुसता दगड दिसावा!

आता कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको, हा चक्क पासवर्ड आहे. आपण पासवर्ड मुद्दाम असा ठेवतो की बघणाऱ्याला कचरा वाटावा.

धोंडा हा शब्दही नीट बघण्यासारखा आहे. मराठीत दगडाला किती शब्द आहेत! खडा पायात टोचतो, गोटा नदीत गुळगुळीत होतो, पाषाण पोथीत असतो, शिळा लेण्यात. धोंडा म्हणजे शेतात नांगराला आडवा येणारा, वाटेत ठेच लावणारा, कुणालाही नको असलेला मोठा दगड. म्हणून तर आपण पायावर 'धोंडा' पाडून घेतो. पण त्याच धोंड्याला शेंदूर फासला की तो म्हसोबा होतो आणि अख्खं गाव त्याला नारळ फोडतं. आमच्या आजीच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असणार. देवाला तो कचरा वाटावा, आणि आपल्याला तो देव.

आणि एकाच धोंड्याची रूपं बघा. धोंडो, धोंडू, धोंडी, धोंडिबा, धोंडाजी, धोंडीराम, धोंडोपंत, धोंडभट, धोंड्या. मूळ दगड एकच, पण मागे काय लागतं त्यावरून त्या माणसाचा वाडा होता की झोपडी हे ओळखता येतं. पंत आणि भट लागलं की पोथीपुराण, जी लागलं की तलवार, बा आणि राम लागलं की बैल-नांगर, आणि नुसता 'या' लागला की दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी. हा माझा शोध आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, चुकलं तर सांगा.

सगळेच धोंडीराम मृत्यूला चकवायला जन्मले असंही नाही. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. दरवर्षी साधारण ११ दिवसांची तूट. ती भरून काढायला साधारण ३३ महिन्यांनी एक जादा महिना घालावा लागतो. (आपल्या भाषेत, एरर ॲक्युम्युलेट झाली की करेक्शन.) त्या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे करून जेवायला घालतात. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, तेव्हा आमच्या रेक्टर सरांनीसुद्धा दोन दिवस रजा टाकली होती, कारण सुज्ञांस सांगणे न लगे. अशा महिन्यात जन्मला म्हणून कुणी अधिकराव झाला, कुणी धोंडू.

दादासाहेब फाळके मात्र या कुळातले नाहीत. ते धुंडिराज. तो काशीचा ढुंढिराज गणपती, 'ढुंढ' म्हणजे शोधणे यावरून आलेला. मी पण पहिल्यांदा गल्लत केली होती आणि रूममेटला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की भारतीय सिनेमाचा जनक आपला नाववाला आहे. तो मागे घेतो.

पण फाळके गेले तरी आपली टीम कच्ची नाही. १८०० साली कर्नाटकात धोंडजी वाघ नावाच्या माणसाने इंग्रजांना महिनोन्महिने पळवलं. स्वतःला दोन्ही जगांचा राजा म्हणवून घ्यायचा. त्याला मारायला ज्या कर्नलला यावं लागलं त्याचं नाव आर्थर वेलस्ली, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. म्हणजे नेपोलियनच्या आधीचा पेपर आपल्या धोंडजीचा होता. १८५७ चे नानासाहेब पेशवे, त्यांचंही नाव धोंडोपंत. आणि धोंडो केशव कर्वे! हे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने वाळीत टाकलं, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न. १०४ वर्षं जगले. ज्याने कुणी त्यांचं नाव धोंडो ठेवलं त्याचा पासवर्ड भलताच स्ट्राँग निघाला म्हणायचा.

गंमत म्हणजे लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे. केरू, म्हणजे केर. एक गणिताचा प्राध्यापक केर आणि दुसरा धोंडा, आणि आम्ही म्हणे मॅथ्सच्या तासाला या नावांना हसतो.

आता आपल्याला हे नाव बहुतेक वेळा पूर्ण दिसतच नाही. ते मधल्या 'धों.' मध्ये लपलेलं असतं. र. धों. कर्वे, ज्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. 'गोट्या' लिहिणारे ना. धों. ताम्हनकर. ना. धों. महानोर, जे २०२३ मध्ये गेले. या सगळ्यांच्या कर्तृत्वात तो 'धों.' गपचूप उभा आहे, लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बापासारखा. आपल्याकडे बापाचं नाव मुलाच्या मधोमध घालायची पद्धत आहे म्हणून निदान एक पिढी ते टिकतं. नातवाच्या वेळी गळून पडतं. आणि मुलींनाही हे नाव असायचं बरं का. केसरबाई केरकरांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी, जयपूर घराण्याच्या मोठ्या गायिका, २०१४ पर्यंत आपल्यात होत्या.

आता माझ्या कॉन्व्हेंटबद्दल. शाळेच्या चॅपेलमध्ये सेंट पीटरचं चित्र होतं, हातात किल्ल्या घेतलेलं. दहा वर्षं त्या चित्रासमोरून गेलो. वर्गात दोन पीटर होते, त्यांना कुणी कधी हसलं नाही. मागच्या वर्षी कुठेतरी वाचलं की 'पीटर' हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ दगड! येशूने सायमन नावाच्या कोळ्याचं नाव बदलून दगड ठेवलं, आणि म्हणाला की या खडकावर मी माझं चर्च बांधीन. म्हणजे मी ज्याच्या चित्राखाली उभा राहून बाबांचं नाव लपवत होतो, तो स्वतः धोंडीराम होता!

मग मला नादच लागला. पेट्रोलियम म्हणजे दगडाचं तेल, त्यातही तोच पीटर. 'आइनस्टाइन' म्हणजे एक दगड. 'कॅल्क्युलस' हा लॅटिन शब्द, अर्थ खडा, कारण पूर्वी खडे मांडून हिशोब करत. आणि एम-थ्रीमध्ये ज्याने निम्म्या हॉस्टेलला केटी दिली तो लाप्लास? त्याचं पूर्ण नाव पियर-सिमॉन लाप्लास. पियर म्हणजे फ्रेंच पीटर. धोंडोपंत लाप्लास! पुढच्या वेळी मला कुणी धोंड्या म्हटलं तर त्याने आधी ट्रान्सफॉर्म सोडवून दाखवावा.

पण विनोद बाजूला. पीटर आणि धोंडीराम यांत फरक आहे, आणि तो मी झाकणार नाही. पीटर हे कौतुकाने दिलेलं नाव आहे: तू खडकासारखा भक्कम. धोंडीराम हे घाबरून दिलेलं नाव आहे: तू कुणालाच नकोसा, म्हणून राहा. एकात गर्व आहे, दुसऱ्यात तीन गेलेली मुलं. मला आता दुसरं नाव जास्त मोठं वाटतं, पण त्याला कारण माझी आजी आहे, हे मान्य.

ही भीती काही महाराष्ट्राचीच नव्हती. आपल्याकडे दगडू, केरू, कचरू, भिकाजी, फकिरा, सटवाजी. उत्तर प्रदेश-बिहारकडे घुरहू आणि कतवारू, दोन्ही उकिरडा-कचरा. बंगालमध्ये तीनकौडी, पाँचकौडी, म्हणजे तेवढ्या कवड्यांना विकत घेतलेला; आमच्या आजीचा सव्वा रुपयाच. तमिळमध्ये पिच्चै म्हणजे भिक्षा. आपण सगळे ज्यांच्या कंपनीत प्लेसमेंटची स्वप्नं बघतो त्या सुंदर पिचाईंच्या नावात तो शब्द आहे. मराठीत भाषांतर केलं तर आपले भिकाजीराव. मंगोलियात तर मुलाचं नावच 'नेरगुई' ठेवतात, अर्थ 'नाव नाही'. यादीवाल्याने काय करायचं, कपाळ!

हे सगळं मी एका रात्री रूमवर जोरजोरात सांगत होतो. माझा रूममेट मराठवाड्यातला. तो शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, "तुझ्या आजीनं प्रेमानं ठेवलं रे. माझ्या आजोबांचं नाव कचरू होतं. त्यांच्या आधी कुणी मेलं नव्हतं. ते पहिलेच."

मी गप्प झालो. मग त्यानेच मला दया पवारांचं 'बलुतं' दिलं. ते १९७८ चं पुस्तक मी आमच्या लायब्ररीत दहा वेळा बघितलं असेल, कधी उघडलं नव्हतं. दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. त्या पुस्तकात दगडू आपली गोष्ट दया पवारला सांगतो, म्हणजे एकच माणूस दोन नावांत उभा आहे आणि मध्ये सगळी जातव्यवस्था. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात चक्क नियम आहे: ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवान, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं किळस येईल असं. म्हणजे कचरू हे एका घरात चिलखत होतं आणि दुसऱ्या घरात शिक्का. शब्द तोच. घरातल्याने ठेवलं की संरक्षण, पाटलाच्या वाड्यावरून ठरलं की अपमान. आणि कित्येक घरांत दोन्ही एकदम असणार, कारण मुलं तर तिथेही मरत होती, उलट जास्तच मरत होती. माझ्या रूममेटच्या आजोबांनी पुढे शाळेत असतानाच नाव बदलून घेतलं. बरोबर केलं. 'जुनी नावं जपा' असं त्यांना सांगायला जाणारा मी कोण?

म्हणून जे लोक म्हणतात की नावं बदलणं म्हणजे मुळं विसरणं, त्यांच्याशी मी सहमत नाही. मुळात काय आहे हे आधी बघावं लागतं.

आणखी एक नाव आहे, त्याबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नकुशी, नकुसा. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली की ठेवलेलं. २०११ साली सातारा जिल्ह्यात सरकारी कार्यक्रम करून अशा दोनशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली. माझ्या बाबांना 'नकोसा' म्हटलं कारण ते फार हवे होते. त्या मुलींना 'नकुशी' म्हटलं कारण त्या खरंच नको होत्या. धोंडीरामच्या नावात देवाशी खोटं बोललेलं आहे. नकुशीच्या नावात खरं बोललेलं आहे. मला हे कळल्यापासून घरातली ती दुसरी गोष्ट आठवत राहते: आजीच्या तीन गेलेल्या मुलांत एक मुलगी होती, आणि तिच्याबद्दल आजी एका वाक्यापेक्षा जास्त बोलली नाही. मी पण विचारलं नाही.

मग हे नाव गेलं कुठे? आमच्या मेसच्या रजिस्टरमध्ये पूर्ण नावं असतात. एका रविवारी फीस्टच्या लाइनमध्ये उभा असताना मी पानं चाळली. पहिल्या नावात एकही धोंडीराम नाही, एकही दगडू नाही. मधल्या नावात मात्र आहेत, धोंडीराम, भिकाजी, दगडू, विखुरलेले. म्हणजे माझ्यासारखे 'डी.' आणि 'बी.' लिहिणारे आणखी आहेत. (तुम्ही ओळखलंच असेल स्वतःला. नावं लिहीत नाही, घाबरू नका.) आणि पहिल्या नावात काय आहे? अथर्व, आर्यन, ओंकार. कॉरिडॉरमध्ये "अथर्व!" अशी हाक मारा, चार दारं उघडतात. २०१४ मध्ये 'टाईमपास' आला, त्यातल्या दगडूवर सगळा महाराष्ट्र फिदा झाला. तरी कुणी पोराचं नाव दगडू ठेवल्याचं मी ऐकलं नाही.

लोक म्हणतात फॅशन बदलली. मला हे पूर्ण पटत नाही. फॅशनने नाव जुनं होतं, पण हे नाव एका कामासाठी होतं आणि ते कामच उरलं नाही. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. २०२० साली हा आकडा २८ होता, महाराष्ट्रात १६. मधल्या काळात काय झालं? १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण झाला. १९७८ मध्ये देशभर लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. आणि १९७१ मध्येच, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिसांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेलं साधं पाणी पाजून हगवणीच्या हजारो रोग्यांना वाचवलं. तेच आपलं ओआरएस, गॅदरिंगच्या वेळी आपण उन्हात चक्कर आली की पितो ते.

आजीचा दुसरा मुलगा त्याच सुमारास जुलाबाने गेला. दोन दिवसांत. घरात मीठ होतं, साखर होती, पाणी होतं. माहीत नव्हतं एवढंच. सुईणीने सांगितलं होतं की पाणी तोडा.

त्यामुळे धोंडीराम हे नाव दुर्मिळ झालं याचं मला दुःख नाही. हे नाव मुद्दाम परत आणा असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलाचं मीसुद्धा ठेवणार नाही (आधी सेमिस्टर क्लिअर होऊ दे). एखादं नाव जुन्या स्टेथोस्कोपसारखं कपाटात जावं हे चांगलंच. माझं म्हणणं फक्त ज्यांच्याकडे ते अजून मधल्या रकान्यात आहे त्यांच्यापुरतं आहे. तो 'डी.' कशाला? आपण कुणापासून लपवतोय? ज्याच्यापासून लपवायचं होतं त्याला आजीने पन्नास वर्षांपूर्वीच फसवलं. आता उरलाय फक्त मागचा बाक.

२०२४ साली सरकारने नियम केला की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं. चांगला नियम आहे. आजीचं नाव आमच्या घरात कुठल्याच कागदावर कुणाच्या नावात नाही, आणि सव्वा रुपया तर तिने मोजला होता.

गेल्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरताना मी पहिल्यांदा मधल्या नावाची नऊच्या नऊ इंग्रजी अक्षरं स्वतःहून टाईप केली. सबमिट करण्यापूर्वी बाबांना फोटो पाठवला, स्पेलिंग तपासायला म्हणून. स्पेलिंग मला येत होतं. बराच वेळ दोन निळ्या टिका नुसत्या दिसत होत्या. मग उत्तर आलं, "बरोबर आहे. फी भरली का?"

या लेखाबद्दल संपादक मंडळातून कालच विचारणा झाली की जागा कमी आहे, लेखाखाली नाव छापताना मधलं नाव 'धों.' केलं तर चालेल का. र. धों. आणि ना. धों. यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, चालणार नाही. मेसच्या कवितेतलं एक कडवं कमी करा.